शंभर-दीडशेच्या आतली नेलपेंट : नागपूरच्या उन्हात आणि घरकामात कोणती टिकते?

बर्डीचीराणी

मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न आहे आणि घरच्या सगळ्या पोरींनी ठरवलं की पार्लरात जाऊन जेल-बिल करायचं नाही, नेलपेंट घरीच लावायची आणि ती पण स्वस्तातली. मग मी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमधून, बऱ्याच बाटल्या उचलल्या, थोड्या ऑनलाइन सेलमधून मागवल्या आणि सध्या दहा बोटांवर दहा रंग लावून ऑफिसात जाऊन राहिली आहे. साहेबांनी परवा विचारलंच, होळीचा रंग अजून उतरला नाही का म्हणून.

आणलेल्यात एल एटीनच्या नेल पॉप्स, इनसाइट, स्विस ब्युटी, मेबेलिन कलर शो, लॅक्मे कलर क्रश आणि दोन-तीन अशा की त्यांची नावं मी पहिल्यांदाच वाचली. मैत्रिणीच्या शुगर आणि कलरबारच्या बाटल्या पण मागून आणल्या, जरा वरच्या किमतीतलं काहीतरी बाजूला पाहिजे ना ताडून पाहायला.

एका हाताला खाली बेस कोट, वर टॉप कोट. दुसऱ्या हाताला नुसता रंग, दोन हात म्हणजे दोन थर मारलेला. पुढच्या वेळी उलट केलं, कारण उजवा हात जास्त राबतो, त्याच्यावर उगीच अन्याय नको. आणि घरात कामाला बाई नाही, भांडी मीच घासते, म्हणजे परीक्षा कडक होती.

आता मला जे दिसलं ते सांगते, पटलं नाही तर भांडा. बाटली पन्नासची की अडीचशेची यानं जेवढा फरक पडला त्याच्या कितीतरी जास्त फरक बेस आणि टॉप कोटनं पडला. स्वस्तातली स्वस्त क्रीम फिनिशची लाल, खाली-वर कोट लावला तर चार-पाच दिवस टोकाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, आणि मैत्रिणीची महागाची नुसती लावली तर तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता अंगठ्यावरून अख्खा पापुद्रा निघून आला. म्हणून मी म्हणते रंगावर पैसे वाचवा आणि टॉप कोट जरा बरा घ्या.

वाईट निघालेल्यांची नावं मी टाकणार नाही, कारण एकाच कंपनीची एक शेड मख्खन निघते आणि दुसरी रेघोट्या मारते, त्यात कंपनीला शिव्या देण्यात काही अर्थ नाही. चांगल्या निघाल्या त्या सांगते. एल एटीनच्या गडद शेड्स, मरून आणि वाइन, दोन हातात छान झाकून टाकतात आणि बाटली शंभराच्या आतच येते. कलर शोचा ब्रश माझ्या हाताला मस्त बसला. इनसाइटमध्ये एवढे रंग आहेत की दुकानात उभ्या उभ्या डोकं फिरते. कलर क्रशची चमक टॉप कोट न लावता पण बरी दिसली.

तुमचे अनुभव टाका. मे महिन्यातल्या उन्हाचा हिशोब धरूनच सांगा, पुण्या-मुंबईचा नको.

संत्राबर्फी

अगं पण क्रीम फिनिश म्हणजे कोणती ते सांग ना आधी, सगळ्यांना माहीत नसते, मला पण दुकानात जाऊन "ती चमचमवाली नको, साधी द्या" असंच म्हणावं लागते.

माझं मत एकच, नागपुरात राहून आणि रोज स्वयंपाक करून न्यूड, म्हणजे कातडीसारखा फिका रंग लावायच्या भानगडीत पडू नये. एकदा सावजी रस्सा हातानं चुरून जेवलं की न्यूडची हळदी होते. मग कितीही धुवा. सांबार निवडलं की कडांना हिरवट होते ते वेगळंच (बाहेरच्यांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर, डाळवालं नाही). मी तर संत्र्याच्या सीझनमध्ये लांब नखं ठेवणंच सोडलं, संत्र सोलताना अंगठ्याच्या टोकाची नेलपेंट हमखास उडते.

बर्डीचीराणी

क्रीम म्हणजे सपाट एकसारखा रंग, आत चमक नाही, कण नाही. शिमरमध्ये बारीक चमक राहते, ती बहुतेक अभ्रकाची. ग्लिटरमध्ये मोठे कण. मॅट सुकल्यावर चमकतच नाही. जेली म्हणजे आरपार दिसणारी, तीन-चार हात मारावे लागतात, लग्नाच्या घरात तेवढा वेळ कोणाला आहे.

न्यूडबद्दल हौ, शंभर टक्के. पण वरून टॉप कोट ताजा असला तर हळद वरच्या वर बसते, त्याच्यावर परत एक हात टॉप कोटचा मारायच्या आधी नीट पुसून घे. मॅटवर मात्र काहीच उपाय नाही, खरखरीत असते म्हणून हळद धरूनच ठेवते.

केमिस्ट्रीवाल्याकाकू

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे, नातीच्या नादानं या विषयात आले. थोडं सांगते, कंटाळा आला तर पुढे जा.

स्वस्त असो की महाग, साध्या नेलपॉलिशचा गाभा साधारण एकच असतो. नायट्रोसेल्युलोज, आणि ते विरघळवायला इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट. त्यात रंगद्रव्य, पापुद्रा लवचिक राहावा म्हणून प्लॅस्टिसायझर, नखाला चिकटावं म्हणून एखादं रेझिन. लावल्यावर रासायनिक क्रिया वगैरे काही होत नाही, ॲसिटेट उडून जातात आणि पापुद्रा मागे उरतो, एवढंच. म्हणून तर रिमूव्हर लावला की तो पुन्हा विरघळतो. पार्लरातल्या जेलचं तसं नाही, ते दिव्याखाली खरोखर कडक होतं, त्यात रेणूंची जोडणी होते. बाटलीवर "जेल इफेक्ट" किंवा "जेल लूक" लिहिलेलं असलं तरी दिवा लागत नसेल तर ती साधीच नेलपॉलिश, फक्त जास्त चकाकणारी.

आता तुझा उन्हाचा मुद्दा. हवा तापलेली असली की वरचा थर फार लवकर सुकतो, दुधावर साय धरते तसा, आणि खालचं ॲसिटेट आत अडकतं. ते बाहेर यायला बघतं तेव्हा बारीक बुडबुडे येतात. जाड हात मारला तर हमखास येतात. पंख्याखाली बसून लावलं तरी तेच. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात पातळ तीन हात हे जाड दोन हातांपेक्षा केव्हाही बरे, आणि दुपारी नाही, रात्री जेवणं आटोपल्यावर लावा.

बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये फिरवायची. हलवली की हवा आत जाते.

कूलरसमोर

पोट्ट्यानं विचारलं तर चालते काय इथं 😅 ताईच्या लग्नाला बहिणींसाठी आणून दे म्हणून मला लिस्ट दिली आहे, त्यात "डीप रेड, ऑरेंज अंडरटोन नको" असं लिहिलं आहे, दुकानदारानं माझ्यासमोर बारा लाल मांडल्या, मला बाराही सारख्याच दिसल्या.

इतवारीचंदुकान

कूलरसमोर भाऊ, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली लाल ओळखू येत नाही, बाटली घेऊन बाहेर रस्त्यावर या. टेस्टर असला तर कागदावर लावू नका, पांढऱ्या कागदावर सगळेच लाल भडक दिसतात, नखावरच लावून पाहा. ज्या लालमध्ये केशरी झाक नको ती कडेला किंचित जांभळट दिसते, रानी किंवा मरूनकडे जाणारी.

मी कॉस्मेटिकचं दुकान चालवतो, थोडं काउंटरच्या या बाजूनं पण सांगतो. बाटलीत वर पाणी आणि खाली रंग असं वेगळं झालेलं दिसलं की गिऱ्हाईक म्हणते माल जुना आहे. तसं नाही, उभी राहिली की रंग बसतोच, आत छोटे छर्रे असतात ते त्याच्यासाठीच, फिरवली की एक होते. फिरवूनही एक झाली नाही, किंवा झाकण उघडल्यावर तार निघाली, तर घेऊ नका. निऑन रंग शोकेसमध्ये उन्हाला लागलेला असेल तर तो तर घेऊच नका, निऑन उन्हानं फिका पडते, मग घरी जाऊन झाकणावरचा रंग आणि आतला रंग वेगळा दिसते.

आणि लेबल वाचा बाप्पा. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची ती तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता आणि लायसन्स नंबर. बाहेरदेशाची असली तर आयातीचा रजिस्ट्रेशन नंबर. नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेला माल बाजारात येतो, बाटली तीच, झाकण तेच, पण लेबलवर पत्ताच नाही. वीस-तीस रुपये वाचवायला तो घेऊ नये.

महालचीमावशी

आमच्या वेळेला एवढं काही नव्हतं बाई. लॅक्मे होती, ती १९५२ पासूनची, आणि ती पण सणावारालाच, बाकी नखाला मेंदी. आता माझी सून दर आठवड्याला रंग बदलते आणि मला पण लावून देते, मी नाही म्हणत नाही.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या नखांवर पिवळेपणा येऊन राहिला, गडद रंग काढला की खाली हळद लावल्यासारखं दिसते. नखं खराब झाली काय?

केमिस्ट्रीवाल्याकाकू

मावशी, गडद लाल-मरूनचं रंगद्रव्य नखाच्या वरच्या थरात मुरतं, त्यानं बहुतेक वेळा असं होतं. म्हणूनच खाली बेस कोट हवा, राणीनं वर लिहिलं ते फक्त टिकण्यासाठी नाही. घासून, लिंबू चोळून फारसं काही होत नाही, उलट नख कोरडं पडतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण नख बदलायला सहाएक महिने जातात, डाग असलेला भाग हळूहळू पुढे सरकतो आणि कापला जातो. मात्र रंग न लावता पिवळं दिसत असेल, नख जाड होत असेल किंवा मुळापासून सुटत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते नेलपॉलिशचं काम नाही.

पुण्यातलीवऱ्हाडीण

मी मूळची प्रतापनगरची, लग्नानंतर पुण्यात. राणी, पुण्याचा हिशोब नको म्हणालीस तरी हे वाच.

मला मागच्या वर्षी पापण्यांना खाज सुटली, सुजल्या, मी काजळ बंद केलं, आयलायनर फेकलं, डोळ्यांचे थेंब घातले, काही फरक नाही. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे सोडून माझी नखं पाहिली आणि विचारलं हे कधीपासून लावता. नेलपेंटची ॲलर्जी पुष्कळदा बोटांना न दिसता पापण्यांवर आणि मानेवर दिसते म्हणे, कारण नखाची कातडी टणक आणि पापणीची नाजूक, आणि आपण दिवसभर तोंडाला हात लावतच असतो. टोसिलामाइड फॉर्मल्डिहाइड रेझिन नावाचं एक रेझिन असते, त्याच्यामुळे हे होऊ शकते. माझी टेस्ट केली तर तेच निघालं.

तेव्हापासून मी बाटलीवर "५-फ्री", "७-फ्री" पाहून घेते. पण त्यात एक गोम आहे, तीन-फ्री म्हटलं की साधारण टोल्यूइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट नाही असं समजतात, पाचमध्ये बहुतेक ते रेझिन आणि कापूर पण वगळतात, पण हे आकडे कुठल्या सरकारी नियमात बसवलेले नाहीत, प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबानं मोजते. म्हणून आकडा नका पाहू, बाजूला घटकांची यादी असते बारीक अक्षरात, मोबाइलनं फोटो काढून मोठा करून वाचा. आणि स्वस्त म्हणजे वाईट आणि महाग म्हणजे सेफ असं काही नाही, माझं जिच्यामुळे झालं ती बाटली स्वस्त नव्हती.

संत्राबर्फी

बापरे हे माहीतच नव्हतं!! माझ्या नणंदेला असंच होते आहे पापण्यांना, तिला हा धागा पाठवते.

आयसीयूनाइटड्युटी

मी नर्स आहे, ड्युटीवर लावता येत नाही त्यामुळे सुट्टीतच हौस. पण एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. दवाखान्यात बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहतात ना, ते यंत्र नखातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश आरपार सोडते आणि गडद रंग, विशेषतः काळा, निळा, हिरवा, त्याच्या आड येऊ शकतो. रीडिंग कमी दाखवते किंवा घेतच नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी आम्ही रिमूव्हर घेऊन धावतो. जेल असलं तर अजून कठीण, ते पटकन निघत नाही. घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आदल्या दिवशीच काढून या, निदान दोन बोटं तरी मोकळी ठेवा.

आणि माझी स्वतःची आवडती सांगायची तर इनसाइटच्या पेस्टल, म्हणजे फिक्या रंगांच्या. सुट्टी दोन दिवसांची, त्याला अडीचशेची बाटली कशाला.

कूलरसमोर

रस्त्यावर आणून पाहिलं दुकानवाले भाऊ, बारापैकी चार तर केशरी निघाल्या 🙏 दोन घेतल्या.

बर्डीचीराणी

मी एक साधा हिशोब पण केला होता, तो टाकायचा राहून गेला. ५० रुपयांत ५ मिली म्हणजे मिलीला १० रुपये. २०० रुपयांत ८ मिली म्हणजे मिलीला २५. पण हा हिशोब तसा खोटाच आहे, कारण आजपर्यंत माझ्या घरात कोणतीच नेलपेंट संपलेली नाही, सगळ्या घट्ट होऊनच मेल्या. म्हणजे बाटली जेवढी लहान तेवढी बरी, संपायची निदान आशा तरी राहते. ५-६ मिलीची लहान बाटली हीच आपल्याला पुरते, आणि स्वस्तातल्या बहुतेक तेवढ्याच येतात.

काकू, घट्ट झालेली पातळ कशी करायची? आमच्या घरी दोन थेंब रिमूव्हर टाकायची पद्धत आहे.

केमिस्ट्रीवाल्याकाकू

रिमूव्हर नको. साध्या रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं, शिवाय पाणी आणि तेल पण मिसळलेलं असतं, त्यानं मिश्रण बिघडतं, लावल्यावर पापुद्रा दुबळा होतो आणि चकाकी जाते. नेलपॉलिश थिनर म्हणून वेगळी बाटली मिळते, त्यात तेच ॲसिटेट असतात जे उडून गेले. दोन-तीन थेंब टाकून फिरवा, थोडा वेळ ठेवा, लागलं तर अजून एक. पूर्ण दगड झालेलीवर मात्र पैसे घालवू नका.

घट्ट होऊच नये म्हणून बाटलीचं तोंड रिमूव्हरच्या कापसानं पुसून मगच झाकण लावा. तिथे रंगाची कड वाळून बसते आणि झाकण नीट बसत नाही, ॲसिटेट उडून जातं. आणि आपल्या ४५ अंशांत बाटल्या खिडकीत नका ठेवू. गाडीत तर अजिबातच नाही, हे सगळं ज्वलनशील आहे. १९२० च्या दशकात मोटारींना जे चकचकीत रंग मारायचे ते याच नायट्रोसेल्युलोजचे होते. देवघराजवळ बसून लावू नका, गॅसजवळ पण नाही.

महालचीमावशी

आमची सून फ्रिजमध्ये ठेवते, दारात, दह्याच्या बाजूला. मी रोज ओरडते.

संत्राबर्फी

मावशी 😂 मी पण ठेवते हो, मे-जूनमध्ये काय करणार. फक्त लावायच्या आधी बाहेर काढून ठेवावं लागते, गार असली की ओढताना रेघा पडतात.

केमिस्ट्रीवाल्याकाकू

फ्रिजला माझा विरोध नाही, बंद डब्यात ठेवा म्हणजे वास पसरणार नाही आणि कोणी मूल चुकून हात लावणार नाही. पण अलमारीत, कपड्यांच्या मागे, अंधारात ठेवली तरी पुरे.

पुण्यातलीवऱ्हाडीण

कूलरचं कोणी बोललंच नाही! मी माहेरी आली की हटकून हे होते, कूलरसमोर बसून लावली की वरून सुकली असं वाटते आणि रात्री झोपले की चादरीचे ठसे उमटतात. पुण्यात असं होत नाही.

बर्डीचीराणी

हौ ना, कूलरचा झोत सरळ हातावर घ्यायचाच नाही. वरचा थर सुकतो आणि आतला कच्चाच राहते. हात लावून "सुकली" म्हणायला पाच-दहा मिनिटं पुरतात पण आतपर्यंत कडक व्हायला कितीतरी तास जातात. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवायचं पण मी करून पाहिलं, वरून गार होऊन टणक लागते इतकंच, आतलं काही लवकर सुकत नाही.

अजून एक, आंघोळीनंतर लगेच लावू नका. नख पाणी पिऊन फुगते, मग सुकल्यावर आखडते आणि वरची नेलपेंट सुटते. भांडी घासल्यावर पण तेच. मी आता रिमूव्हरचा कोरडा हात फिरवून तेल काढते, थोडा वेळ थांबते, मग बेस कोट. आणि नखाच्या टोकाच्या कडेवरून पण ब्रश फिरवते, आडवा. एवढं केलं की टोकं उडायची पुष्कळ थांबतात, ही युक्ती फुकटची आहे आणि सगळ्या बाटल्यांना चालते.

आयसीयूनाइटड्युटी

रिमूव्हरचं पण बोला कोणी. ॲसिटोनवाला की बिनॲसिटोनवाला?

संत्राबर्फी

मी ते गोल डबीतले वाइप्स वापरते, स्वस्त असतात, पर्समध्ये बसतात, एका पाकळीत साध्या रंगाची दोन-तीन बोटं तरी निघतात. गडद लालला जास्त लागतात आणि कडेला गुलाबी पसरते. हातांना तेलकट वाटते नंतर, पण कोरडेपणा नाही येत.

बर्डीचीराणी

ॲसिटोनवाला लवकर काढतो पण नखं आणि कडेची चामडी कोरडी करतो, पांढरी-पांढरी दिसतात. बिनॲसिटोनवाल्यात बहुतेक इथाइल ॲसिटेटच राहते, तो जरा हळू. मी क्रीम रंगाला बिनॲसिटोनवाला आणि ग्लिटरला ॲसिटोनवाला ठेवला आहे. नंतर खोबरेल तेल चोळायचं, आपल्याकडे घरात असतेच, वेगळं क्युटिकल ऑइल घ्यायची गरज मला तरी वाटली नाही. फक्त पुन्हा रंग लावायच्या आधी ते तेल नीट पुसून घ्या.

महालचीमावशी

नवरीचं काय पण? हळद लागणार, मेंदी लागणार, मग नेलपेंट लावायची केव्हा?

इतवारीचंदुकान

आमच्याकडे नवऱ्या मेंदीच्या आधी पारदर्शक बेस कोट घेऊन जातात मावशी. नखावर लावून ठेवायचा, मग मेंदी नखावर चढत नाही. नाहीतर मेंदीचा केशरी रंग नखातून जात नाही, वाढून पुढे जाईपर्यंत तसाच राहते, आणि वरून फिकी नेलपेंट लावली तर खालून डोकावते. हळद झाल्यावर तो कोट काढायचा, हळदीचा पिवळा त्याच्याबरोबर जाते, आणि लग्नाच्या आदल्या रात्री खरा रंग लावायचा.

पुण्यातलीवऱ्हाडीण

मरूनच लावा गं. शालूवर, फोटोत, जेवणाच्या पंगतीत सगळीकडे चालते आणि हळद लागली तरी दिसत नाही. पेस्टल लावून लग्नात पाहुण्यांना वाढायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत पिवळ्या पेस्टल.

संत्राबर्फी

मरून हो, पण एखाद्या बोटाला तरी ग्लिटर पाहिजे ना, लग्न आहे!

कूलरसमोर

लिस्टमध्ये ग्लिटर पण आहे. आणि त्याच्यापुढे कंसात "काढायला सोपी आणजो" असं लिहिलं आहे. अशी येते काय?

इतवारीचंदुकान

नाही येत भाऊ, जी जेवढी दाट तेवढी काढायला कठीण. जास्त चमकवाली घेऊन जा आणि लिस्टवालीला सांगजो की काढायचं तिचं ती पाहील 😄

बर्डीचीराणी

कठीण नाही, पद्धत पाहिजे. कापसाचा लहान तुकडा ॲसिटोनवाल्या रिमूव्हरमध्ये भिजवायचा, नखावर ठेवायचा, वरून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा घट्ट लपेटायचा आणि पाच-सात मिनिटं बसून राहायचं. मग दाबून ओढलं की जवळजवळ सगळी निघते. घासत बसलं तर नखच खरवडते. दुसरा उपाय म्हणजे ज्या बोटाला ग्लिटर लावायची तिथं बेस कोटच्या जागी पांढरा फेव्हिकॉल थोड्या पाण्यात पातळ करून लावायचा, तो सुकून पारदर्शक झाला की वर ग्लिटर. दोन दिवसांनी अख्खी टोपी उतरते. पण त्या हातानं भांडी घासायची नाही, पाणी लागलं की लवकर सुटते.

केमिस्ट्रीवाल्याकाकू

फॉइलवाली पद्धत करताना खिडकी उघडी ठेवा आणि आजूबाजूला उदबत्ती-गॅस नको. फेव्हिकॉलचं मी पण नातीला करून दिलं होतं. पाण्यात विरघळणारा पांढराच घ्यायचा, दुसरे कुठलेही चिकटवायचे गोंद नखाला लावू नका.

संत्राबर्फी

मग ठरलं काय राणी? घेऊन राहिली का नवीन, की आहेत त्याच वापरणार?

बर्डीचीराणी

नवीन रंग एकही नाही. सगळ्यांना एल एटीनचीच मरून, ती आहेच. दोन टॉप कोट घेऊ वर्गणी काढून, एक मुलीकडच्यांना, एक मला. बेस कोट एक सगळ्यांत मिळून. ग्लिटर मैत्रिणीकडून मागून आणते, ती परत मागणार नाही, तिनं वर्षभर उघडली नाही.

महालचीमावशी

आणि थिनर कुठं मिळते ते कोणी सांगितलंच नाही.

इतवारीचंदुकान

मावशी, कोणत्याही मोठ्या कॉस्मेटिकच्या दुकानात मिळते, पार्लरचं सामान विकतात त्यांच्याकडे तर नक्कीच. "नेलपेंटचं थिनर" म्हणायचं, नुसतं थिनर मागितलं तर पेंटवाल्याकडे पाठवतील, ते घेऊ नका. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजाराकडे जाणार असाल तर तिथं पण विचारून पाहजा.